नगर आणि नागरिक : चेन्नईचा धडा

चेन्नईच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकातून बाहेर पडले, की जवळच एक भव्य पांढरी इमारत दिसते. तिचे नाव रिपन बिल्डिंग. १९१३ साली तिचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून शहराच्या महानगरपालिकेचा कारभार तेथून चालत आला आहे. हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचा पाया घालणारा ठराव ज्याच्या कारकिर्दीत १८८२ साली झाला, त्या लॉर्ड रिपनचे नाव ह्या वास्तूला देण्यात मोठे औचित्य होते. नागरिकांनी आपल्या नगराचा कारभार आपणच पाहावा आणि तो पाहता पाहता मोठा कारभार पाहण्याची पात्रता अंगी आणावी, असा त्या ठरावामागचा विचार होता. परंतु ह्याच वास्तूच्या सभागृहात १९७३ च्या अखेरीपासून १९९६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षे, लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद बसला नाही. जिथली नगरसंस्था १६८८ सालची, म्हणजे देशातील सर्वांत जुनी, त्याच शहरात हे घडले.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आपल्या राजकारणाचे कोठे बिघडले, हा प्रश्न निघाला म्हणजे बोट सहसा पुढाऱ्यांकडे वळते. पुढाऱ्यांचे दोष खोटे नाहीत. पण लोकशाहीत पुढारी आकाशातून पडत नाहीत. त्यांना निवडणारा, सहन करणारा आणि पुन्हा निवडणारा नागरिकच असतो. म्हणून त्या नागरिकाचे काय चुकले, हेही एकदा शांतपणे पाहिले पाहिजे. त्यासाठी चेन्नईचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. कारण येथील नागरिक अडाणी नव्हता, उदासीन नव्हता आणि राजकारणाला नवखाही नव्हता.

१८८४ साली ह्याच शहरात मद्रास महाजन सभा स्थापन झाली. वीरराघवाचारियार, जी. सुब्रह्मण्य अय्यर, आनंदाचार्लू ही त्या सभेच्या संस्थापकांतील प्रमुख मंडळी. १८८७ साली राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन येथे भरले. अध्यक्ष होते बद्रुद्दीन तय्यबजी, आणि स्वागताध्यक्ष होते राजा सर टी. माधवराव. बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले हे माधवराव तंजावरकडील मराठी घराण्यातले. त्या अधिवेशनाच्या खर्चासाठी जी वर्गणी जमली, तीत श्रीमंतांच्या देणग्यांबरोबर सामान्य माणसांनी दिलेल्या एक आण्यापासून दीड रुपयापर्यंतच्या लहान रकमाही होत्या. ही आण्याची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी मतदानाचा हक्क फार थोड्यांना होता. तरीही राजकारण हे आपले कार्य आहे आणि त्यासाठी आपल्या खिशातून काही गेले पाहिजे, असे त्या आणा देणाऱ्या माणसाला वाटत होते.

नगरसंस्थेच्या हाती सत्तेचा लहानसा अंश आला, तेव्हा तिने त्याचा उपयोगही चांगला केला. सर पिट्टी त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, १९२० साली, महानगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचा आहार देण्यास प्रारंभ केला. पुढे कामराजांनी ती कल्पना राज्यभर नेली, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन ह्यांनी तिचा मोठा विस्तार केला, आणि अखेर साऱ्या देशाने तिचा स्वीकार केला. आज कोट्यवधी मुलांना मिळणाऱ्या शालेय भोजनाच्या मुळांपैकी एक मूळ अशा रीतीने एका नगरपालिकेच्या शाळेत सापडते. शाळा सभासदांच्या परिचयाची होती आणि मुले उपाशी येतात, हे त्यांना ठाऊक होते. जवळून पाहणाऱ्याला गरज आधी कळते. स्थानिक स्वराज्याचे सारे समर्थन ह्या एका वाक्यात येते.

मग १९७३ साली काय झाले? महानगरपालिकेच्या हजेरीपटावर खोटी नावे घालून मजुरीचे पैसे उचलले जात असल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि राज्य सरकारने निर्वाचित सभा बरखास्त केली. गैरव्यवहार झाला असेल तर दोषी व्यक्तींना शासन व्हायला हवे होते, आणि काही महिन्यांत नवी निवडणूक घेऊन मतदारांना आपली चूक सुधारण्याची संधी मिळायला हवी होती. प्रत्यक्षात रोग्याबरोबर रुग्णालयच बंद झाले. सभेच्या जागी सरकारने नेमलेला विशेष अधिकारी आला. त्यानंतर राज्यात सरकारे बदलली, पक्ष बदलले, राष्ट्रपती राजवटही येऊन गेली. पण महानगरपालिकेची निवडणूक झाली नाही. अधिकाऱ्यांपैकी काहीजण कार्यक्षम होते, ही गोष्ट मान्य करायला हवी. पण चांगल्या अधिकाऱ्याची बदली होते आणि वाईट अधिकाऱ्याला मतदार बदलू शकत नाही.

ह्याच सुमारास नगराची मुख्य कामे एकेक करून वेगळ्या मंडळांकडे गेली. झोपडपट्टी निर्मूलनाचे मंडळ १९७० मध्ये निघाले, महानगर विकास प्राधिकरण त्यानंतरच्या काही वर्षांत उभे राहिले, पाणीपुरवठा व सांडपाणी ह्यांसाठी १९७८ मध्ये स्वतंत्र मंडळ झाले. ही सारी मंडळे राज्य सरकारला जबाबदार, नगरातील मतदाराला नव्हेत. त्यामुळे ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९६ साली निवडणूक झाली आणि एम. के. स्टालिन हे थेट निवडणुकीने आलेले पहिले महापौर झाले, तेव्हा सभागृह भरले खरे, पण त्याच्या अधिकारांचा बराचसा भाग दुसरीकडे गेलेला होता. पुढे २०१६ मध्ये मुदत संपल्यावर, आरक्षणाच्या वादातून निवडणुकीची अधिसूचना न्यायालयात रद्द झाली आणि सभागृह पुन्हा पाच वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिले. ते भरले २०२२ साली.

येथे नागरिकाची पहिली चूक दिसते. राज्य आणि केंद्र ह्यांच्या निवडणुकांत त्याने विलक्षण रस घेतला. तमिळनाडूच्या मतदाराने १९८९ पासून २०११ पर्यंत प्रत्येक विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला घरी बसवले. इतका सावध आणि कठोर मतदार थोड्याच राज्यांत असेल. पण गल्लीतील गटार, तळ्याचा बांध, शाळेचे छप्पर ह्यांचा हिशेब मागण्याचे जे स्थान, ते नाहीसे झाले तरी त्याने सरकारला त्याबद्दल कधी शिक्षा केली नाही. सेलमच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले राजगोपालाचारी किंवा पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले गोखले ज्या पायरीवरून वर गेले, ती पायरीच येथे दोन दशके काढून घेतलेली होती. नव्या पुढाऱ्याला लोकांपुढे येण्यास मग रुपेरी पडदा आणि पक्षाचे व्यासपीठ हे दोनच मार्ग ठळकपणे उरले.

दुसरी चूक देण्याघेण्याची आहे. १९६७ च्या निवडणुकीत अण्णादुराईंच्या पक्षाने स्वस्त तांदळाचे आश्वासन दिले, ते भुकेच्या प्रश्नावरचे धोरण होते. शाळेतील भोजन हेही धोरणच. तमिळनाडूने शिक्षणात आणि आरोग्यात जी आघाडी घेतली, तीत अशा धोरणांचा वाटा मोठा आहे. त्यांना सरसकट खिरापत म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु २००६ च्या निवडणुकीत घरोघरी रंगीत दूरचित्रवाणी संच देण्याचे वचन पुढे आले आणि २०११ मध्ये मिक्सर, ग्राइंडर आणि पंखे आले, तेव्हा हक्क आणि भेट ह्यांमधली रेषा पुसट होत गेली. हक्काची वस्तू वाईट मिळाली तर माणूस तक्रार करतो. भेट वाईट निघाली तर तो गप्प बसतो. हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या निकालात न्यायालयाने जाहीरनाम्यातील अशी वचने कायद्याने भ्रष्टाचार ठरत नाहीत असे सांगितले. मात्र त्यांमुळे मुक्त निवडणुकीच्या मुळालाच धक्का बसतो, असे सांगून निवडणूक आयोगास मार्गदर्शक तत्त्वे आखण्याची सूचनाही केली.

वस्तूंच्या पुढची पायरी रोख पैशांची. उत्तर चेन्नईतील राधाकृष्णन नगर मतदारसंघात जयललितांच्या निधनामुळे २०१७ च्या एप्रिलमध्ये पोटनिवडणूक व्हायची होती. मतदारांना पैसे वाटले जात असल्याच्या कारणावरून आयोगाने ती रद्द केली आणि मतदान त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाले. वेल्लूरची लोकसभा निवडणूकही २०१९ मध्ये अशाच कारणाने पुढे गेली. ह्यावर गरिबांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या वस्तीत नळाचे पाणी गढूळ येते आणि ज्या वस्तीला वर्षानुवर्षे जाब विचारण्यास नगरसेवकच नव्हता, तिथल्या स्त्रीच्या दृष्टीने निवडणूक हा सरकारला तिची आठवण होण्याचा एकमेव दिवस असतो. त्या दिवशी जे हाती येईल ते ती घेते, आणि मत अनेकदा स्वतःच्या मनाप्रमाणे देते. तिला वाटते, आपण काही विकले नाही. देणारा मात्र समजतो, की हिशेब चुकता झाला; आता पाच वर्षे आपण कोणाचे देणे लागत नाही. हानी होते ती ह्या समजुतीत. पहिल्या चुकीतून दुसरी अशी निघते. १८८७ साली नागरिकाने राजकारणाला आणा दिला होता. सव्वाशे वर्षांनी राजकारण नागरिकाला नोटा देऊ लागले. पैशाची दिशा उलटली, तसे धन्याचे आणि सेवकाचे नातेही उलटले.

तिसरी चूक सुशिक्षित मध्यमवर्गाची, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. २०२२ साली इतक्या वर्षांनी महानगरपालिकेसाठी मतदान झाले, तेव्हा राज्यभर साठ टक्क्यांच्या आसपास मतदान असताना चेन्नईत ते जेमतेम चव्वेचाळीस टक्के होते. वर्तमानपत्रांतून राजकारणाच्या अधोगतीवर पत्रे लिहिणारा हा वर्ग नियमांच्या बाबतीतही निर्मळ राहिला नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस बेकायदा बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आली. तिच्यामागे केवळ धनिक बांधकामवाल्यांचा स्वार्थ नव्हता. वाढवलेली बाल्कनी, चढवलेला मजला, बुजवलेल्या तळ्याच्या जागी स्वस्तात घेतलेले घर ह्यांना मान्यता मिळावी, ही हजारो कुटुंबांची इच्छाही होती. शहराच्या दक्षिणेची पळ्ळिकरणै पाणथळ पन्नास-साठ वर्षांपूर्वी सुमारे पन्नास चौरस किलोमीटर पसरलेली होती. रस्ते, वसाहती, कार्यालये आणि शहराचा कचरा ह्यांनी तिचा फार मोठा भाग गिळला.

ह्याचा हिशेब पावसाने मागितला. २०१५ च्या डिसेंबरच्या प्रारंभी चोवीस तासांत तांबरमला सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला. चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सोडावे लागले आणि अड्यार नदीकाठचे शहर बुडाले. महालेखापरीक्षकांच्या अहवालाने पुढे ह्या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले. चारच वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, शहराचे मोठे तलाव कोरडे पडले आणि जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पुराच्या वेळी सभागृह भरलेले होते आणि टंचाईच्या वेळी रिकामे. तेव्हा केवळ निवडणुका झाल्या म्हणजे सारे सुधारते, असा भाबडा निष्कर्ष काढता येणार नाही. तलाव, नाले आणि नगररचना ज्यांच्या हाती होती, त्या खात्यांना नागरिक प्रश्न विचारू शकत नव्हता. आणि त्याच्या मनात तो प्रश्न फारसा उठतही नव्हता.

चेन्नईपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर उत्तिरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील मंदिराच्या भिंतीवर दहाव्या शतकातील, चोळ राजा पहिला परांतक ह्याच्या काळचा शिलालेख आहे. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातून ताडपत्रावर लिहिलेली नावे, ती एका घड्यात घालून लहान मुलाकडून एक उचलायचे आणि वर्षभरासाठी समिती नेमायची, अशी त्यात व्यवस्था सांगितली आहे. एक समिती खास तळ्यांच्या देखभालीसाठी होती. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, तो स्वतः आणि त्याचे नातलगही पुन्हा निवडीस अपात्र. जमीन आणि वेदविद्या असलेल्यांनाच तेथे प्रवेश होता. ती आजच्या अर्थाने लोकशाही नव्हे. पण तळे आणि हिशेब ह्या दोन गोष्टींवर नजर ठेवली पाहिजे, हे त्या गावाला हजार वर्षांपूर्वी उमगले होते.

महाराष्ट्राने हे सारे दुरून पाहून समाधान मानण्याचे कारण नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुणे येथील महानगरपालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ ही शहरे प्रशासकांच्या हाती राहिली. तेथेही घरोघरी चर्चा चालली ती मुंबईतील मंत्रिमंडळाची आणि दिल्लीतील डावपेचांची.

चेन्नईच्या नागरिकाच्या अंगी सार्वजनिक वृत्ती नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पुराच्या वेळी कोळ्यांनी आपल्या होड्या शहरात आणून माणसे वाचवली. तरुणांनी अन्न आणि औषधे घरोघर पोहोचवली. २०१७ च्या जानेवारीत जल्लिकट्टूच्या प्रश्नावर हजारो तरुण मरिना किनाऱ्यावर कित्येक दिवस बसून राहिले. संकटात आणि भावनेच्या भरात नागरिक जागा होतो. लोकशाहीला मात्र हवी असते ती संथ, रोजची जाग. वार्षिक अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाला काय मिळाले, गेल्या वर्षीच्या नाल्याच्या कामाचा हिशेब कोठे आहे, तळ्याच्या काठी कोणाचे कुंपण पडले, असले रुक्ष प्रश्न विचारणारी माणसे प्रत्येक वस्तीत चार असली तरी पुरे. रिपन बिल्डिंगमधील खुर्च्या रिकाम्या ठेवणे सरकारांना सोपे गेले, कारण त्यांच्यासमोरची प्रेक्षकांची बाके त्याच्या फार आधीपासून रिकामी होती.