मदतीची राईड : गाडीला किक मारण्याआधी विचारायचे तीन प्रश्न



मोटारसायकल रॅली आपल्या वस्त्यांना नवी नाही. १४ एप्रिलला निळे झेंडे लावून निघणारी रॅली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पण अलीकडे आपल्या मुलांच्या मोबाईलवर वेगळीच निमंत्रणे येतात. "कॅन्सर रुग्णांसाठी राईड", "रक्तदान जनजागृतीसाठी बाईक रॅली", "पूरग्रस्तांसाठी राईड". रविवारी पहाटे जमायचे, साठ-सत्तर किलोमीटर जायचे, नाश्ता करायचा आणि फोटो काढून परतायचे. पोरगा घरी सांगतो, "आई, चांगल्या कामासाठी चाललोय." आईला नाही म्हणवत नाही आणि काळजीही जात नाही.

चांगल्या कामासाठी निघणे ही चांगलीच गोष्ट आहे. मी अनेक वर्षे रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका म्हणून काम केले, म्हणून या पानावर एवढेच सांगते की हेतू चांगला असला म्हणून रस्ता सवलत देत नाही. निघण्याआधी तीन प्रश्न विचारा. पैसा कुठे जातो? ज्या आजारासाठी निघालो त्याची मला माहिती आहे का? आणि जेवढे निघाले तेवढे सगळे धडधाकट परत येतील अशी तयारी आहे का?

पहिला प्रश्न : पैसा कुठे जातो?

अशा राईड जगभर निघतात. त्यातली एक माहीत करून घेतली की बाकीच्या तपासता येतात. "द डिस्टिंग्विश्ड जेंटलमन्स राईड" ही २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात मार्क हावा यांनी सुरू केली. पहिल्याच वर्षी ६४ शहरांत अडीच हजारांहून अधिक लोक निघाले. आता मुंबई-पुण्यासह भारतातल्या अनेक शहरांतही ती निघते. जुन्या धाटणीच्या मोटारसायकली आणि अंगात नीटनेटका कोट-टाय अशी तिची ओळख आहे. मोटारसायकलवाला म्हणजे मवाली ही लोकांची समजूत पुसावी, हाही त्यामागचा एक विचार होता.

यात नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. नोंदणी केलेला प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या लोकांकडे देणगी मागतो, आणि ती देणगी थेट त्या उपक्रमाच्या खात्यात जमा होते. तो निधी पुरुषांच्या आरोग्यासाठी, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग आणि मानसिक आरोग्य या दोन कामांसाठी, "मोव्हेंबर" नावाच्या संस्थेमार्फत वापरला जातो. म्हणजे पैसा कोणी दिला, कोणाकडे गेला आणि कशासाठी गेला, हे तिन्ही उघड असते.

आपल्याकडच्या कोणत्याही राईडला हीच फूटपट्टी लावा. पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर मागत असतील तर थांबा. संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि पावती मागा. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे कलम ४१-क खाली अर्ज करावा लागतो. आपल्या उत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना हा कागद चांगला माहीत असतो. राईडवाल्यांकडेही तो मागायला संकोच करू नका.

शिवाय घरातल्या घरात एक हिशेब मांडा. वीस गाड्या साठ किलोमीटर गेल्या तर बाराशे किलोमीटर झाले. लिटरला पंचेचाळीस धरले तरी सत्तावीस लिटर पेट्रोल जळले. म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये गेले. त्यात टी-शर्ट, बॅनर आणि नाश्ता धरा. हा खर्च वजा जाऊन रुग्णाच्या हातात किती पडले? गोळा झालेल्या पैशापेक्षा खर्च जास्त असेल तर ती सहल झाली. सहल करायलाही हरकत नाही, पण तिला मदतीचे नाव देऊ नये.

दुसरा प्रश्न : आजाराची माहिती आहे का?

राईडचा निम्मा उपयोग पैशाचा आणि निम्मा निरोपाचा. टी-शर्टवर "प्रोस्टेट कॅन्सर" लिहिलेल्या मुलाला रस्त्यात कोणी विचारले, "हे काय असते रे?" तर त्याला चार वाक्ये सांगता आली पाहिजेत. म्हणून इथे थोडक्यात सांगते.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी आहे. ती मूत्राशयाच्या खाली असते आणि आकाराने साधारण अक्रोडाएवढी असते. वय वाढते तशी ती मोठी होते. मग रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, धार बारीक होते, लघवी पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. बहुतेक वेळा ही साधी वाढ असते, कर्करोग नसतो आणि औषधाने आराम पडतो. पण कर्करोगही सुरुवातीला असाच गुपचूप वाढतो, म्हणून तपासून घेतल्याशिवाय कळत नाही. लघवीतून रक्त जाणे, किंवा म्हाताऱ्या माणसाची कंबर आणि हाडे सतत दुखणे, याकडे दुर्लक्ष करू नका. पन्नाशीनंतर, आणि वडील किंवा भाऊ यांना हा आजार झाला असेल तर पंचेचाळिशीनंतर, पीएसए ही रक्ततपासणी करावी का हे डॉक्टरांना विचारा. कर्करोगाच्या अनेक उपचारांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. आपले पुरुष हे दुखणे लाजेपोटी लपवतात. बायकांनीच एकदा स्पष्ट विचारावे, "रात्री किती वेळा उठता?"

दुसरा विषय मनाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यातले सुमारे ७२ टक्के पुरुष होते. सव्वीस टक्क्यांहून अधिक जण रोजंदारीवर काम करणारे होते. हे आकडे आपल्याच वस्तीचे दार ठोठावतात. कर्ज, हातचे काम जाणे, दारू, घरातली भांडणे हे सगळे पुरुष आत दाबून ठेवतो, कारण "मर्द रडत नाही" हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. झोप उडाली, माणूस गप्प झाला, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असे बोलू लागला, तर ते नाटक समजू नका. शेजारी बसा, विचारा, ऐका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो दिवसरात्र सुरू असतो, त्याला पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. मुले एकत्र गाड्या चालवतात, चहाला थांबतात, तेव्हा असे बोलणे घरापेक्षा सोपे जाते. राईडचा हा फायदा मला खरा वाटतो.

तिसरा प्रश्न : सगळे धडधाकट परत येतील का?

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली रस्ते अपघातांत देशात १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घालता गेलेल्यांची संख्या ५०,०२९, आणि त्यात चौदा हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून तपासलेले आहे.

म्हणून राईडला जाणाऱ्याने एवढे पाहावे.

हेल्मेट आयएसआय मार्कचे असावे. रस्त्यावर दोनशे रुपयांना मिळणारी टोपी पोलिसाला दाखवायला ठीक, रस्त्यावर आपटल्यावर ती फुटते. डोके हलवल्यावर हेल्मेट फिरता कामा नये. हनुवटीखालची पट्टी लावल्यावर मध्ये दोन बोटे जातील एवढीच जागा हवी. बक्कल न लावलेले हेल्मेट पडताना आधी उडते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच, कायदाही तेच सांगतो. नाहीतर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकते.

ट्रिपल सीट नको. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गिअरची गाडी देऊ नका. अपघात झाला तर पालक किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

गाडी मागून आणलेली असेल तर विमा नीट पाहा. थर्ड पार्टी विमा समोरच्याची भरपाई करतो, चालवणाऱ्याची करत नाही. मालकाचा जो वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालकापुरताच असतो. मित्राच्या गाडीवर गेलेल्या कमावत्या मुलाचा पाय मोडला तर घराच्या हाती काहीच येत नाही, हे आधी माहीत असलेले बरे.

आदल्या रात्री झोप हवी. वॉचमनची किंवा सफाईची रात्रपाळी करून थेट राईडला जाऊ नका. फिट येणाऱ्याने गाडी चालवू नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी पेंग येते, त्या घेतल्या असतील तर मागे बसा. मधुमेहाचे इंजेक्शन घेणाऱ्याने खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. दारू तर नाहीच, आदल्या रात्रीची सुद्धा नको.

एप्रिल-मेच्या उन्हात हेल्मेट आणि जाड कपड्यांत घाम खूप जातो. तासाभराने थांबा, पाणी प्या, जवळ ओआरएसची पुडी ठेवा. डोके जड वाटले, मळमळले, पायात गोळे आले की गाडी बाजूला घेऊन सावलीत बसा. मागे बसणाऱ्या बहिणींनी ओढणी आणि पदर घट्ट खोवून घ्यावा. चाकात ओढणी अडकून गळ्याला फास बसल्याच्या जखमा मी पाहिल्या आहेत.

घोळक्याने चालवताना सर्वात पुढे अनुभवी माणूस आणि सर्वात मागे एक जबाबदार माणूस असावा. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा धरा. पुढच्या गाडीच्या नेमके मागे न राहता थोडे डावी-उजवीकडे राहा आणि मध्ये दोन सेकंदांचे अंतर ठेवा. कट मारणे, सायलेन्सर काढणे, रुग्णालयासमोर हॉर्न वाजवणे नको. रुग्णवाहिका आली की सगळ्यांनी डावीकडे व्हावे.

अपघात झालाच तर

आधी १०८ ला फोन करा. लागलेल्या माणसाला ओढू नका, मान वाकवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नका. काढावेच लागले तर एकाने मान आणि डोके धरायचे आणि दुसऱ्याने हेल्मेट काढायचे. तोंडात पाणी घालू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने ते संरक्षण दिले आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार देण्याची केंद्राची योजना आहे. रुग्णालयात तिचे नाव घेऊन विचारा.

एक गोष्ट घराघरांत पाठ असावी. डोक्याला मार लागलेला माणूस आधी उठून बोलतो, घरी येतो, आणि काही तासांनी बिघडतो, कारण कवटीच्या आत रक्त हळूहळू साठते. पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बरळणे, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखे येणे, यातले एक जरी दिसले तरी त्याच पावली रुग्णालय गाठा. "थकलाय, झोपू दे" म्हणून सोडू नका.

वस्तीतूनच राईड काढायची असेल तर

पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. अंतर कमी ठेवा. डीजेचा पैसा वाचवून प्रथमोपचार पेटी घ्या. राईड रक्तदान शिबिराला जोडली असेल तर रक्त देऊन लगेच गाडीवर बसू नका. अर्धा तास विश्रांती घ्या, सरबत प्या, आणि परतताना गाडी दुसऱ्याने चालवावी. संपल्यावर जमा-खर्च विहाराच्या फलकावर लावा. दिलेला प्रत्येक रुपया कुठे गेला हे दिसले की पुढच्या वर्षी लोक न मागता देतील.

आणि मुलगा निघताना आईने, बायकोने किंवा बहिणीने दारातच हेल्मेटचे बक्कल स्वतःच्या हाताने लावावे. त्याला लाज वाटली तरी लावावे.