बुडबुडे थांबले, आता?

जानेवारीतली रात्र. सफाळ्याच्या घरी ओटीवर आम्ही सगळे फोनभोवती जमलो होतो आणि स्क्रीनवर लीड्सला शिकणारा माझा मावसभाऊ तोंड पाडून बसला होता. त्याच्या मागे झाकणबंद प्लास्टिकचा मोठा डबा.

‘बंद पडलंय यार! परवापर्यंत मस्त बुडबुडे येत होते. आता एकपण नाही. २३ लिटर बिअर गटारात जाणार.’

शेजारचे काका बाजूलाच बसले होते. तरुणपणी त्यांनी ताडावर चढून ताडी काढलेली. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, ‘थंडी लागली असेल तिला. गोधडी टाक.’

आम्ही सगळे हसलो. पण काका बरोबर होते. ते पूर्ण बरोबर होते की अर्धे, हे कळायला मात्र आठवडा लागला.

थांबवायचं की चालवायचं?

सफाळे, केळवे, एडवण या पट्ट्यात राहणाऱ्यांना ताड नवा नाही. उन्हाळ्यात ताडगोळे, आणि ताडाच्या फुलोऱ्यातून टपकणारा गोड रस म्हणजे नीरा. मडक्यात जमलेल्या या रसाला आंबवायला काही करावंच लागत नाही. हवेत, झाडावर, मडक्यात यीस्ट आणि बॅक्टेरिया असतातच. सकाळचा गोड रस दुपारपर्यंत ताडी होतो. म्हणून नीरा हवी असेल, तर मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यामुळे सूक्ष्मजीवांची वाढ रोखली जाते. थोडक्यात, आपल्याकडे डोकेदुखी आहे ती आंबणं थांबवायची.

बिअरचं उलटं. ती बार्लीपासून बनते आणि बार्लीत असतो स्टार्च. यीस्टला तो थेट खाता येत नाही. म्हणून आधी बार्ली भिजवून तिला मोड आणतात, अगदी आपण नाचणीला आणतो तसे. मग ती वाळवतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात आणि गरम पाण्यात ती स्टार्चची साखर करतात. हा गोड रस काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवला की झालं माल्ट एक्स्ट्रॅक्ट.

भावाने असे दोन डबे आणले होते. कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची चव त्यात आधीच होती. त्याने ते गरम पाण्यात विरघळवले, वरून गार पाणी ओतून २३ लिटर केलं आणि यीस्ट टाकलं. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनतो. तोच वायू झाकणावरच्या एअरलॉकमधून बुडबुडे बनून बाहेर पडतो. सहाव्या दिवशी ते थांबले.

बुडबुडे खोटं बोलतात

आणि इथेच नवशिक्यांचा घोळ होतो. बुडबुडे थांबले म्हणजे बिअर बिघडली असं नाही. आणि तयार झाली असंही नाही! झाकण नीट बसलं नसेल, तर वायू कडेने निघून जातो आणि आत जोरात काम चालू असलं तरी एअरलॉक शांत दिसतो. उलट खोलीचं तापमान वाढलं, तर काम संपल्यावरही विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे येतात.

खरं काय ते सांगतो हायड्रोमीटर. ही द्रवात तरंगणारी काचेची नळी. साखर जास्त तर द्रव जड आणि नळी वर तरंगते. साखर संपत जाते तशी ती खाली बुडते. साध्या पाण्याचं रीडिंग १.०००. भावाचं सुरुवातीचं रीडिंग होतं १.०४४. यीस्टने साधारण ७५ टक्के काम केलं, तर शेवट १.०११ च्या आसपास यायला हवा होता. त्याचं अडकलं होतं १.०२० वर.

हा १.०२० आकडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरणाऱ्यांना चांगलाच ओळखीचा आहे. एक्स्ट्रॅक्टमध्ये यीस्टला न खाता येणारी साखर कधी कधी जास्त असते. तसं असेल तर बिअर तिथेच संपते, काहीही करा. मग अडकलीय की संपलीय, हे ओळखायचं कसं? एकेक कारण तपासून.

चार प्रश्न

*थंडी आहे का?* एल प्रकारच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस लागतं. खोली रात्री गार पडली, की यीस्ट सुस्तावून तळाशी बसतं.

*यीस्ट जिवंत होतं का?* जुनं, गरम जागी ठेवलेलं किंवा फार गरम रसात टाकलेलं यीस्ट कमकुवत होतं.

*सुरुवातीला हवा मिळाली का?* यीस्टला वाढण्यासाठी आरंभी ऑक्सिजन लागतो. पण फर्मेंटेशन सुरू झाल्यावर हवा घातली, तर चव जुनाट होते. त्यामुळे अडकल्यावर घुसळायचं नाही.

*मोजमाप बरोबर आहे का?* हायड्रोमीटर ठरावीक तापमानाला, बहुतेकदा २० अंशांना, बरोबर दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल, तर अल्कोहोल तयार झाल्यावर तो थेट खरा आकडा देत नाही, गणित करून दुरुस्ती करावी लागते.

भावाच्या खोलीत हीटर रात्री बंद व्हायचा आणि पहाटे थर्मामीटर १४ दाखवायचा. काकांची गोधडी! त्याने डबा उबदार कपाटात हलवला, ब्लँकेट गुंडाळलं आणि तळाचं यीस्ट वर यावं म्हणून डबा झाकणासकट हळूच गोल फिरवला. तीन दिवसांनी १.०१६. अजून तीन दिवसांनी १.०१२. हे जमलं नसतं, तर पुढचा उपाय म्हणजे ताजं यीस्ट वेगळं जागं करून घालणं. साखर वाढवणं हा उपाय नाहीच.

सगळ्यात मोठी चूक

१.०१२ बघून भाऊ लगेच बाटल्या भरायला निघाला. त्याला थांबवलं ते त्याच्या घरमालकीणबाईंनी. त्या स्वतः बिअर बनवतात. त्यांचा नियम एकच: दोन-तीन दिवसांच्या अंतराने रीडिंग सारखंच आलं, तरच बाटली.

कारण गंभीर आहे. नेहमीच्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू विरघळलेला असतो. अडकलेली बिअर ‘झाली’ समजून १.०२० वर बंद केली आणि यीस्ट नंतर जागं झालं, तर त्याहून जास्त वायू बंद काचेत तयार होतो. बाटली फुटते आणि काचा हातात, डोळ्यात जातात. काकांनी थंडी ओळखली, पण हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. ताडी कोणी आठवडे बाटलीत कोंडत नाही. पुढचं रीडिंग पुन्हा १.०१२ आलं, तेव्हाच बाटल्या भरल्या.

आणि आपण?

ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, ‘आमच्यापुरतीच आहे’ म्हणून सुटका नाही. बिअर प्यायचं वयही २१. त्यामुळे हॉस्टेलच्या बादलीत प्रयोग नको.

पण विषय आवडला, तर रस्ते आहेत. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि राज्यात या धंद्याला वाट मिळाली. आपल्याच जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन बनते. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकता येते. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना तर हे घरचंच मैदान. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते ती का बिघडते हे शोधतानाच.

तोवर प्रयोगाला इडलीचं पीठ आहे. थंडीत ते फुगलं नाही, की आई सोडा टाकत नाही, भांडं गुंडाळून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवते आणि सकाळपर्यंत झाकण उघडू देत नाही. मी काकांना भावाचे आकडे दाखवले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘आम्ही वास घ्यायचो. पण घाई आम्हीपण करत नव्हतो.’