पंपाचं सील

गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट असं सगळं गाठीत बांधणारे बेलर शिवारात आले आणि जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची एक मागणी वाढली : "मिस्त्री, ट्रॅक्टर दबतोय, पंप वाढवून द्या." हा पंप वाढवणं म्हणजे नेमकं काय, ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसलो.

दुकानात त्या दिवशी मॅसी फर्ग्युसन १०३५चा पंप उघडलेला होता. टॅफे ही चेन्नईची कंपनी १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं उभी राहिली आणि पस्तीस-छत्तीस हॉर्सपॉवरचा हा ट्रॅक्टर खेडोपाडी पोहोचला. त्याचं इंजिन पर्किन्सच्या तीन सिलिंडरच्या घराण्यातलं. त्याच घराण्यातलं अडीच लिटरचं इंजिन एमएफ ३५ मध्ये सुमारे ३७ हॉर्सपॉवर देई आणि एमएफ १३५ मध्ये ४५. हा दाखला गिऱ्हाईक हमखास देतं. पण तिथे कंपनीनं ज्वलनाची रचना बदलली होती, फेरेही वाढवले होते. नुसता स्क्रू पिळून ती ताकद आली नव्हती.

मिस्त्रींनी रोटरी पंपाचा गाभा तळहातावर ठेवला. लाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असतो. इथे समोरासमोरच्या दोन प्लंजरांची एकच जोडी तिन्ही सिलिंडरांना डिझेल पुरवते. गाभा फिरतो, बाहेरच्या कड्याच्या उंचवट्यांवरून रोलर जातात, प्लंजर आत दाबले जातात आणि डिझेल पाळीपाळीनं एकेका नोझलकडे सुटतं. प्लंजर बाहेर किती सरकावेत, हे एक छोटी प्लेट ठरवते. ती किंचित फिरवली की डिझेल वाढतं. तिच्यावरच्या झाकणाला शिशाचं सील असतं. या यंत्राला वंगणही डिझेलचंच, त्यामुळे पाणी किंवा कचरा आला की पंप बसलाच.

मिस्त्री सीलला हात लावायच्या आधी ट्रॅक्टर तपासतात. एअर फिल्टरची वाटी उघडली तर तेलाच्या जागी चिखल होता. टॅपेट ढिले होते. एक नोझल फवारा मारायच्या ऐवजी धार सोडत होतं. "दादा, तुमचे हॉर्सपॉवर इथंच सांडलेत. आधी हे गोळा करू," ते मालकाला म्हणाले. मग पंप टेस्ट बेंचवर चढला. काचेच्या तीन नळ्यांत डिझेल जमू लागलं, तिन्हींची पातळी एका रेषेत येईपर्यंत ते वाकून बघत राहिले. मला या माणसाचं कसब तिथे दिसलं : वाढवायच्या आधी हरवलेलं परत आणणं.

पुढचं गणित मात्र कठोर आहे. २.४ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरलं, तर फार तर २४०० लिटर हवा ओढतं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि फवारा हवेत मिसळायला वेळ इतका थोडा असतो की प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की थोडी ताकद येते, पण काळा धूर येतो आणि सायलेन्सरकडे जाणारी आच चढते. नांगरटीत लोड कमी-जास्त होतो, इंजिनाला दम मिळतो. बेलर तासन् तास पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, मिनिटाला ५४० फेरे मागतो आणि चौकोनी गाठीच्या बेलरमध्ये दट्ट्याचा प्रत्येक ठोका इंजिनापर्यंत पोहोचतो. त्यात उडणारं काड रेडिएटरच्या जाळीवर थापलं जातं. ज्या घडीला उष्णता सर्वात जास्त, त्याच घडीला थंडावा सर्वात कमी. अशात हेड गॅसकेट जातं, ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळतो.

मग टर्बो बसवावा का? टर्बोनं हवा वाढते, हे खरं. पण त्याला स्वच्छ तेलाची लाइन हवी आणि वाढलेला दाब सोसणारे पिस्टन, बेअरिंग हवेत. क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक पस्तीस हॉर्सपॉवरचेच राहतात. तापलेल्या मॅनिफोल्डवर वाळलेलं काड साचलं तर आग लागते, आणि त्या आगीत ट्रॅक्टरासोबत चाराही जातो.

हंगामाची घाई मला कळते. पाऊस यायच्या आत चारा उचलला नाही तर तो काळा पडतो, आणि नव्या ट्रॅक्टरचा हप्ता दुधाच्या पैशात बसत नाही. तरीही जुन्या पस्तीसच्या मालकानं सील तोडू नये, असंच मी म्हणेन. लहान गोल बेलर घ्यावा, काडाची ओळ पातळ ठेवावी, खालच्या गिअरमध्ये चालावं, पण पीटीओचे फेरे पडू देऊ नयेत. रेडिएटरची जाळी दर थांब्याला झाडावी, पीटीओ शाफ्टचं कव्हर कधी काढू नये. गाठी कमी निघतील, पण ट्रॅक्टर हंगामात बंद पडून राहणार नाही. आणि पंप वाढवून देणाऱ्यापेक्षा "आधी फिल्टर दाखवा" म्हणणाऱ्या मिस्त्रीला मजुरी बिनघासाघीस द्यावी. नकार देणारा कारागीर टिकला, तरच जुने ट्रॅक्टर टिकतील.