जुनं चर्च टिकतं ते कशावर?

आज आपण वसाहतकाळातली दोन चर्चं बघणार आहोत. दोन्ही सोळाव्या शतकातली, दोन्ही वेसाव्यापासून फार लांब नाहीत. पण दोघांचं नशीब अगदी वेगळं.

पहिलं एरंगळचं. वेसाव्याच्या धक्क्यावरून होडीनं खाडी ओलांडायची, मढला उतरायचं, तिथून बस. सेंट बोनाव्हेंचर चर्च अगदी किनाऱ्याला लागून उभं आहे. त्याच्या उभारणीचं वर्ष १५७५ सांगतात. बोनाव्हेंचर हे फ्रान्सिस्कन पंथाचे संत, त्यामुळे ते कुणी बांधलं हे नावातच कळतं. पुढे १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली. पण ख्रिस्ती गावकरी कुठं जाणार? ते इथलेच. ते मराठीच बोलत राहिले. आज आपण त्यांना ईस्ट इंडियन म्हणतो. हे नाव १८८७ साली त्यांनी स्वतः घेतलं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एरंगळची जत्रा भरते, तेव्हा ईस्ट इंडियन येतात, कोळी येतात, आणि हिंदू शेजारीही येतात.

दुसरं चर्च अंधेरी पूर्वेला. सेंट जॉन द बॅप्टिस्ट, १५७९ सालचं, जेझुइटांनी बांधलेलं. १८४० मध्ये गावात साथ आली आणि लोक मरोळला जाऊन राहिले. तिथं त्यांनी नवं चर्च उभारलं, जुनं ओस पडलं. छप्पर गेलं, भिंती आणि दर्शनी भाग तेवढा उरला. १९७०च्या दशकात भोवती सीप्झ हे निर्यात क्षेत्र झालं आणि अवशेष कुंपणाच्या आत गेले. आता आत जायला परवानगी लागते. तरी वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथं मिस्सा होते. त्या दिवशी उघड्या आभाळाखाली ते पुन्हा चर्च होतं.

म्हणजे बघा, दगड दोन्हीकडे होते. फरक पडला तो माणसांच्या येण्याजाण्यानं. एकीकडे वाट मोकळी राहिली, दुसरीकडे ती तुटली. वारसा जपायचा म्हणजे नुसती डागडुजी नव्हे. ज्यांचं ते देऊळ आहे, त्यांची वाट मोकळी ठेवणंही त्यातच आलं. म्हणून आपण जाऊ तेव्हा शक्यतो जत्रेच्या दिवशी जाऊ. कमानी आणि भिंती पाहूच, पण शेजारी बसलेल्या आजीशीही दोन शब्द बोलू. ती मराठीतच उत्तर देईल.