समुपदेशक कसा तयार होतो?

समजा, पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे. गेल्या वर्षापर्यंत वर्गांत पहिल्या पांचांत असणारा हा मुलगा यंदा दोन विषयांत नापास झाला. वडील रागावले, आईनें डोळ्यांत पाणी आणून समजाविलें, मामांनीं रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसांचीं उदाहरणें दिलीं. या सर्वांच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु झालें असें कीं, महिनाभरांत त्या मुलाशीं पुष्कळ जण बोलले आणि त्याचें मात्र कोणींच ऐकलें नाहीं. अखेर शाळेंतील एका लहानशा खोलींत त्याला पाठविण्यांत येतें. तेथें बसलेली व्यक्ति उपदेशाला सुरुवात करीत नाहीं. ती थांबते. हें थांबणें वाटतें तितकें सोपें नाहीं. अमेरिकेंत तें शिकण्यासाठीं पदवी घेतल्यानंतरहि दोन-तीन वर्षें विद्यापीठांत घालवावीं लागतात.

या व्यवसायाला मराठींत आतां समुपदेशन हें नांव रूढ झालें आहे. अमेरिकेंत त्याचा उगम मनाच्या आजारांतून झाला नाहीं, पोटापाण्याच्या प्रश्नांतून झाला. १९०८ सालीं बोस्टन शहरांत फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनीं तरुणांना योग्य धंदा निवडण्यास साहाय्य करणारी एक कचेरी उघडली. त्याच वर्षीं ते वारले. त्यांचें पुस्तक त्यांच्या मागें १९०९ मध्यें प्रसिद्ध झालें. पुढें शाळांतून मार्गदर्शक नेमले जाऊं लागले. पण त्यांच्या शिक्षणावर सरकारी पैसा सढळ हातानें खर्च झाला, तो एका निराळ्याच कारणानें. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियानें स्पुट्निक आकाशांत सोडला आणि अमेरिका हादरली. दुसऱ्याच वर्षीं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला व शास्त्रविषयांत गति असलेलीं मुलें हुडकून काढण्यासाठीं शाळांतील मार्गदर्शकांच्या शिक्षणवर्गांना मदत मिळाली. आतां, मूल खोलींत येतें तें केवळ आपली बुद्धि घेऊन येत नाहीं. घरचें दुःखहि बरोबर आणतें. हें मात्र संरक्षणाच्या कायद्यांत लिहिलेलें नव्हतें.

सुदैवानें या विद्येला दुसरीहि एक दिशा मिळालेली होती. कार्ल रॉजर्स हे मानसशास्त्रज्ञ ओहायो राज्याच्या विद्यापीठांत असतांना भेटींतील संभाषणें ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करीत. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथांत अशा एका संपूर्ण उपचाराचें शब्दशः टिपण छापलेलें आहे. तोंपर्यंत बंद दाराआड काय घडलें हें बहुधा उपचारकाच्या आठवणीवरूनच कळे. आणि आठवण तर नेहमीं आपल्याच पक्षाची वकिली करणारी! तबकडीवर उपचारकाची घाई, त्याचें मध्येंच बोलणें, त्याची सारवासारव हीं सर्व जशींच्या तशीं उमटत. आजच्या शिक्षणक्रमाचा गाभा म्हणून कांहीं सांगावयाचें झाल्यास तो या तबकडींत सांपडतो.

तेथें समुपदेशनाच्या शिक्षणक्रमांना मान्यता देणारी, ‘केक्रेप’ या आद्याक्षरांनीं ओळखली जाणारी संस्था १९८१ मध्यें स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणें शाळेंत काम करूं इच्छिणारा असो वा मानसिक आरोग्याच्या दवाखान्यांत, दोघांनाहि निदान ६० श्रेयांकांचा अभ्यास पुरा करावा लागतो. मानवी विकास, मानसिक कसोट्या, गटांबरोबर करावयाचें काम, संशोधनपद्धति, व्यवसायाची नीति इत्यादि विषय त्यांत येतात. हा भाग बुद्धिमान विद्यार्थी पुस्तकांतून आत्मसात करूं शकेल. खरी कसोटी पुढें आहे. प्रथम १०० तासांचें प्रात्यक्षिक. त्यांपैकीं निदान ४० तास प्रत्यक्ष माणसासमोर बसून. त्यानंतर ६०० तासांची उमेदवारी. त्यांत निदान २४० तास प्रत्यक्ष कामाचे. आणि या सर्व काळांत दर आठवड्यास सरासरीनें एक तास अनुभवी पर्यवेक्षकापुढें बसून आपल्या कामाची झडती द्यावयाची.

ही झडती कशी असते? उमेदवारानें संमति घेऊन आपल्या भेटीचें मुद्रण केलेलें असतें. एखादी मुलगी म्हणते, “आई माझ्याशीं बोलतच नाहीं.” उमेदवार लगेच म्हणतो, “अग, तिला तुझी काळजीच वाटत असेल.” वाक्य गोड आहे, सद्भावनेचें आहे. पर्यवेक्षक तेथेंच यंत्र थांबवितो आणि विचारतो, “हें तुम्हीं कोणासाठीं म्हणालांत? तिच्यासाठीं, कीं तिचें दुःख तुम्हांला ऐकवेना म्हणून?” पुढें ऐकावें तों मुलगी विषय बदलून परीक्षेबद्दल बोलूं लागलेली असते. दार उघडलें होतें आणि तें मिटलें. अशा चुका पुस्तक वाचून सुधारत नाहींत. त्या स्वतःच्याच आवाजांत ऐकाव्या लागतात.

ज्या प्रश्नाला घरोघर सर्वांत अधिक भितात, तोहि येथेंच शिकविला जातो. एखाद्या मुलाच्या बोलण्यांत जीव नकोसा झाल्याची छटा दिसली, तर त्याला आत्महत्येचे विचार येतात काय, हें सरळ व शांतपणें विचारावयाचें. विचारल्यानें तो विचार मनांत भरतो हा समज संशोधनानें खरा ठरलेला नाहीं. खोलींतलें बोलणें गुप्त राखण्याचा नियम अशा वेळीं मागें सरतो, आणि तो कोणत्या प्रसंगीं सरेल हें मुलाला पहिल्याच भेटींत सांगून ठेवावें लागतें. एका विद्यार्थिनीच्या खुनाच्या प्रकरणांत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं असा निर्णय दिला कीं, रुग्णापासून दुसऱ्या व्यक्तीला गंभीर धोका असेल, तर तिच्या रक्षणासाठीं योग्य ती काळजी घेणें हें उपचारकाचें कर्तव्यच आहे. अमेरिकेंतील समुपदेशनाच्या वर्गांतून हा खटला अजून शिकविला जातो.

पदवी मिळाली तरी परवाना राज्यागणिक निराळा. व्हर्जिनियानें १९७६ मध्यें समुपदेशकांसाठीं पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियाचा यायला २००९ उजाडलें. या व्यवस्थेंत उणिवाहि आहेत. सहाशें तासांची उमेदवारी पुष्कळदां बिनपगारी असते. म्हणजे घरची स्थिति बेताची असलेल्या विद्यार्थ्याला दार अर्धेंच उघडें. शाळेंतील समुपदेशकाकडे २५० हून अधिक विद्यार्थी नसावेत अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. २०२२-२३ सालीं देशाची सरासरी ३८५ होती. शिवाय वेळापत्रकें आणि परीक्षांचीं कामें त्याच्याच गळ्यांत! इतकें शिकवून माणसाला कारकुनीला बसविणें हा शहाणपणा नव्हे.

मुंबईचा या परंपरेशीं जुना संबंध आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पुढाकारानें १९३६ मध्यें येथें समाजकार्याची सर दोराबजी टाटा पदव्युत्तर शाळा निघाली, आणि १९३७ मध्यें तिच्या वतीनें बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालें. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनीं, जुलै २०२५ मध्यें, भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें मुलांच्या मानसिक आरोग्याचें शिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता ठेवावा. लहान संस्थांनीं बाहेरच्या तज्ज्ञांशीं रीतसर संबंध जोडावा. आपल्या मुलांच्या शाळेंत अशी नेमणूक झाली म्हणजे पालकांनीं पदवीच्या नांवाबरोबर आणखी एक गोष्ट विचारण्यास हरकत नाहीं: शिकत असतांना या व्यक्तीचीं संभाषणें कोणीं ऐकलीं होतीं, आणि किती तास?