विटांचा खेळ आणि प्रौढांची स्वकृति

खेळ हा बालपणाचा हक्क आणि काम हा प्रौढपणाचा धर्म, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यामुळें मिशा फुटलेला मनुष्य रंगीत विटा जुळवीत बसलेला पाहिला, म्हणजे आपणांस हसूं येतें, आणि 'ह्याला दुसरा उद्योग नाहीं काय?' असा प्रश्न पालकांच्या मनांत सहज उभा राहतो. प्रस्तुत लेखांत आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहों. ह्या विटा म्हणजे प्लास्टिकच्या 'लेगो' विटा होत. त्या जुळवून स्वतःच्या कल्पनेनें शहरें, यंत्रें व प्राणी उभारणारी हौशी प्रौढ मंडळी आज युरोप, अमेरिका, जपान इत्यादि देशांत पुष्कळ आहेत.

प्रथम विटेचा पूर्वेतिहास पाहूं. डेन्मार्क देशांतील बिलुंड गांवीं ओले किर्क क्रिस्तियानसेन नांवाचे सुतार होते. त्यांनीं १९३२ सालीं लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. 'लेगो' हें नांव 'छान खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून बनलेलें आहे. १९४९ सालीं त्यांच्या कारखान्यानें प्लास्टिकच्या विटा बाजारांत आणल्या. परंतु मूळ कल्पना इंग्लंडांतील हिलरी फिशर पेज ह्या गृहस्थांची होती. ती वीट खालून पोकळ असल्यामुळें तिची पकड सैल पडे. पुढें ओले यांचे चिरंजीव गॉडफ्रेड यांच्या कारकीर्दींत विटेच्या पोटांत नळ्या बसविण्याची युक्ति निघाली, आणि २८ जानेवारी १९५८ रोजीं पेटंटासाठीं अर्ज करण्यांत आला. आरंभ अनुकरणानें झाला खरा. पण स्वतःची अडचण स्वतः सोडविल्यावर ती वस्तु खरोखर त्यांची झाली.

ही पकड कशी साधते? विटेच्या माथ्यावर वाटोळ्या खुंट्या असतात. वरची वीट दाबली असतां खालच्या विटेच्या खुंट्या वरच्या विटेच्या भिंती व नळ्या ह्यांच्यामध्यें घट्ट बसतात. प्लास्टिक किंचित् लवतें आणि पुन्हां पूर्ववत् होऊं पाहतें; ह्या लवचिकपणांतच पकडीचें मर्म आहे. त्यासाठीं सांच्याची अचूकता मिलिमीटरच्या शतांशाहूनहि सूक्ष्म ठेवावी लागते. म्हणूनच १९५८ सालची वीट आजच्या विटेस बरोबर जुळते, आणि आजोबांची वीट नातवाच्या कामीं येते.

इतक्या ठराविक आकारांतून नवें तें काय निघणार, अशी शंका येईल. परंतु आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारें जोडतां येतात. तीन विटांचे प्रकार १,०६० होतात. आणि सहा विटांचे ९१,५१,०३,७६५ भरतात! कोपनहेगन विद्यापीठांतील गणिती सोरेन आयलर्स यांनीं संगणकाच्या साहाय्यानें हा हिशेब केला. तेव्हां सहा विटा हातीं असलेल्या मुलानें 'माझ्याजवळ साहित्य नाहीं' अशी तक्रार करूं नये.

पेटीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेबरहुकूम जुळणी करणें ही ह्या विद्येची पहिली इयत्ता होय. हौशी मंडळी तेथें थांबत नाहींत. पुस्तिका बाजूस ठेवून केलेल्या रचनेस तीं 'माय ओन क्रिएशन', म्हणजे स्वकृति, असें म्हणतात. त्यांतील पुष्कळांचा दंडक असा कीं, वीट कापावयाची नाहीं, रंगवावयाची नाहीं व चिकटवावयाची नाहीं. ह्या बंधनांमुळें बुद्धीस ताण पडतो. समजा, गुळगुळीत भिंत करावयाची आहे; तर विटा आडव्या वळवून खुंट्या लपवाव्या लागतात. येथें गणित उपयोगी पडतें. लगतच्या दोन खुंट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर, आणि चपट्या विटेची जाडी ३.२ मिलिमीटर. पांच चपट्या विटा एकावर एक रचिल्या म्हणजे १६ मिलिमीटर होतात, आणि दोन खुंट्यांची जागाहि १६ मिलिमीटरच! हा मेळ ज्याच्या ध्यानांत आला, त्यास उभी व आडवी रचना एकमेकींत बेमालूम बसवितां येते. दुसरी खुबी म्हणजे एका कामाचा तुकडा भलत्याच कामीं योजणें. कंपनीच्या २०२१ सालच्या बोन्साय वृक्षावरील गुलाबी फुलें निरखून पाहावीं. ते चिमुकले बेडूक आहेत असें आढळेल!

आतां ह्या छंदाचें फळ काय तें पाहूं. ऑस्ट्रेलियांतील जेम्स जेसिमन यांनीं १९९५ च्या सुमारास अशा रचना संगणकावर रेखाटण्याची प्रणाली निर्मिली. १९९७ सालीं त्यांचें निधन झालें, तरी इतर हौशी मंडळींनीं ती पुढें चालविली. न्यूयॉर्कमधील वकील नेथन सवाया यांनीं २००४ सालीं वकिली सोडून विटांचें शिल्प हाच व्यवसाय पत्करिला. एलेन कूयमन ह्या भूशास्त्रज्ञ विदुषींस खेळण्यांत स्त्री-शास्त्रज्ञांची उणीव जाणवली. त्यांनीं सुचविलेली, तीन स्त्री-शास्त्रज्ञ असलेली रचना लोकांनीं उचलून धरली, आणि २०१४ सालीं कंपनीनें ती विक्रीस काढिली. पुस्तिकेंत जें नव्हतें, तें एका बाईंच्या फावल्या वेळांतून मुलींच्या हातीं आलें. बिलुंड येथें २०१७ सालीं उघडलेल्या 'लेगो हाउस' ह्या वास्तूच्या वरच्या दालनांतहि अशाच हौशी रचनाकारांच्या कृति मांडिलेल्या असतात.

बालपणीं विटा टाकून दिल्यापासून प्रौढपणीं त्या पुन्हां हातीं घेईपर्यंतच्या काळास हे लोक विनोदानें 'अंधारयुग' म्हणतात. विनोद सोडला, तरी त्यांत पालकांनीं विचार करण्याजोगें कांहीं आहे. अभ्यास चुकवून खेळावें असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि पुस्तिकेबाहेर जाऊं पाहणाऱ्या मुलास 'हें काय भलतेंच?' म्हणून दटावलें, तर तें अंधारयुग आपणच त्याच्यावर लादतों.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या विटा महाग आहेत हें आम्ही जाणतों. पण पुठ्ठा, माती, रिकाम्या आगपेट्या ह्या कोणास दुर्मिळ नाहींत. प्रथम नमुना पाहून करावें. मग नमुना मिटून ठेवावा आणि एक तरी वस्तु स्वतःच्या बुद्धीनें करावी. ती मोडली, तर कां मोडली हें शोधून पुन्हां उभारावी.