मध्यस्थी, लवाद आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89

‘मध्यस्थी’ आणि ‘लवाद’ हे शब्द मराठी लेखनात अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः या दोन पद्धती भिन्न आहेत. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो व तो पक्षकारांवर बंधनकारक असतो. मध्यस्थाला निवाडा देण्याचा अधिकारच नसतो. तो पक्षकारांना एकत्र व स्वतंत्रपणे भेटून त्यांचा तोडगा त्यांनाच शोधू देतो. आपल्यावर निर्णय लादला जाईल या भीतीने आलेला पक्षकार मोकळेपणाने बोलत नाही आणि मग मध्यस्थी निरुपयोगी ठरते. म्हणून हा फरक केवळ शब्दांचा नाही.

खेदाची बाब अशी की, कायद्याच्या मसुद्यातही असाच गोंधळ झाला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेत 1999 च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम 89 दिनांक 1 जुलै 2002 पासून अमलात आले. त्यात लवाद, सलोखा, लोकअदालतीसह न्यायिक समझोता आणि मध्यस्थी असे मार्ग सांगितले होते. परंतु मध्यस्थीच्या पोटकलमात न्यायालयाने स्वतः तडजोड घडवावी असे म्हटले होते, तर न्यायिक समझोत्यासाठी प्रकरण बाहेरील संस्थेकडे वा व्यक्तीकडे पाठवावे असे! ॲफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की (2010) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही व्याख्यांची अदलाबदल असल्याचे स्पष्ट करून त्या परस्परांच्या जागी वाचाव्यात असे ठरविले. त्याच निकालानुसार, आधीचा लवाद करार नसल्यास लवादाकडे जाण्यासाठी सर्व पक्षकारांची संमती आवश्यक असते. मध्यस्थीकडे मात्र न्यायालय संमतीविनाही पाठवू शकते. सक्ती येथे संपते, कारण तडजोड करावी की नाही हे पक्षकारच ठरवितात.

मध्यस्थीचे खरे सामर्थ्य वाटपाच्या दाव्यात दिसते. समजा, दोन भावांत वडिलोपार्जित शेतजमिनीवरून वाद आहे. न्यायालय हिस्से ठरवील. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप कलम 54 नुसार महसूल यंत्रणेकडे जाईल. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आणि वृद्ध आईचा सांभाळ हे प्रश्न, दाव्यात मांडलेले नसतील तर, तसेच राहतील. मध्यस्थीत ते सर्व एकाच लेखी करारात येऊ शकतात. आदेश 23, नियम 3 नुसार दाव्याच्या विषयाबाहेरील पण पक्षकारांमधील बाबींवरील कायदेशीर तडजोडही हुकूमनाम्यात समाविष्ट करता येते. ही तरतूद 1976 च्या दुरुस्तीची आहे. वर्गात तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

अर्थात, तडजोड फसली तर बोलणे अंगाशी येऊ नये. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार (2010) या निर्णयाने मध्यस्थाला, तडजोड न झाल्यास, केवळ ‘मध्यस्थी अयशस्वी’ एवढेच न्यायालयास कळविण्याचे बंधन घातले. कोणी काय देऊ केले, हे अहवालात येता कामा नये.

सर्वच वाद या मार्गाने सुटण्याजोगे नसतात. बनावट दस्तऐवज वा गंभीर फसवणुकीचे आरोप असलेले दावे आणि सार्वजनिक पदांच्या निवडणुकीचे वाद ॲफकॉन्स निकालाने सामान्यतः वगळले आहेत. दोन्ही बाजूंचे बळ विषम असल्यास दुर्बल पक्षकाराची संमती कितपत खरी, हा प्रश्न मात्र उरतोच. डिसेंबर 2021 मधील मध्यस्थी विधेयकात दाव्यापूर्वीची मध्यस्थी अनिवार्य करण्याचा प्रस्ताव होता. संसदीय स्थायी समितीच्या छाननीनंतर संमत झालेल्या 2023 च्या कायद्यात ती ऐच्छिक ठेवण्यात आली.